२८ सप्टेंबर, नवरात्र आणि आमचं मंडळ: गर्भपाताच्या हक्कावर कार्यक्रम ठेवावा का?

दांडियाबाजारची_सून | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

बडोद्यातल्या आमच्या महिला मंडळात सध्या चांगलीच जुंपली आहे, म्हणून इथे विचारते. आमचं वर्षाचं वेळापत्रक तुम्हाला न सांगताही कळेल: संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्रगौर, मंगळागौरीचे खेळ, भोंडला, मधूनच एखादं हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर. या खेपेला कार्यकारिणीत नव्याने आलेल्या दोघींनी सुचवलं, की २८ सप्टेंबर हा सुरक्षित गर्भपाताच्या हक्काचा दिवस म्हणून जगभर पाळतात, तर आपणही त्या दिवशी बोलायला बसू. बैठकीत कोणी काही बोलेना. अध्यक्षबाईंनी चहा मागवला. चहा येईपर्यंत विषय आपोआप बदलेल अशी त्यांची अपेक्षा असावी, पण त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत.

मग आक्षेप सुरू झाले. एक म्हणजे यंदा २८ तारीख ऐन नवरात्रात येते. दुसरा, आपल्याकडे १९७१ सालीच कायदा झाला, बायकांना काही मागावंच लागलं नाही, मग आता कसला हक्क मागायचा? तिसरा जरा दबक्या आवाजात: असल्या कार्यक्रमांनी पोटातल्या मुली मारणाऱ्यांचं फावेल.

पहिल्याचं मला काही वाटत नाही. गरबा रात्री असतो, आपण दुपारी चारला बसू. दुसऱ्याबद्दल माझं मत असं, की मागावं लागलं नाही हीच खरी गोम आहे. पोलंडच्या बायका ३ ऑक्टोबर २०१६ ला काळे कपडे घालून, भर पावसात छत्र्या घेऊन रस्त्यावर आल्या. अर्जेंटिनात वर्षानुवर्षं हिरवे रुमाल बांधून मोर्चे निघाले, तेव्हा कुठे ३० डिसेंबर २०२० ला तिथल्या सिनेटने ३८ विरुद्ध २९ मतांनी कायदा केला. आपल्याला तो सरकारने लोकसंख्येची चिंता करता करता देऊन टाकला. त्यामुळे तो कुठपर्यंत आपला आणि कुठून पुढे डॉक्टरांचा, हे बायकांनी कधी विचारलंच नाही. तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे धड उत्तर नाही. जाणकारांनी लिहावं.

राजकारण आणू नये ही विनंती. (येणारच, तरी.)

शेवउसळ_जादा_तर्री | ९ सप्टेंबर, रात्री ९:५२

जागा धरून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

मांजलपूरचे_अप्पा | ९ सप्टेंबर, रात्री १०:३०

ताई, राग मानू नका. आयर्लंड-पोलंडात चर्चचा जाच होता, म्हणून तिथल्या बायका रस्त्यावर आल्या. आपल्याकडे अडवतंय कोण? कुठल्याही गल्लीत शिरा, प्रसूतिगृहाची पाटी दिसते. माझी उभी हयात औषधांच्या धंद्यात गेली, गोळ्यांचं पाकीट कसं खपतं ते मला माहीत आहे. आपला कायदा २४ आठवड्यांपर्यंत जातो, निम्म्या युरोपात एवढी मुभा नाही. जे आहे त्याच्यासाठी आंदोलन कसलं? आणि मंडळात सत्तरीच्या बायका येतात. त्यांच्यासमोर हे बोलणार?

निवृत्त_डॉक्टरीणबाई | १० सप्टेंबर, सकाळी ७:१५

अप्पासाहेब, सत्तरीच्या बायकांची काळजी सोडा. मी त्यातलीच एक.

कायदा लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी हाउसजॉब करत होते. कायदा पुस्तकात होता, खेड्यात पोचला नव्हता. रात्रीपाळीला ‘काडी घातलेली’ बाई यायची. काडी म्हणजे खरोखर झाडाची काडी, कधी रुईचा चीक लावलेली, सुईणीने आत सरकवलेली. अंगात फणफणून ताप, पोट लाकडासारखं कडक, आणि वॉर्डात असा वास की नवी नर्स दारातूनच परत फिरायची. बरोबरचं माणूस सांगणार, “जिन्यावरून पडली.” सगळ्याच जिन्यावरून पडायच्या. काही वाचल्या, काहींची पिशवी काढावी लागली, काही पहाटे गेल्या. त्यांत कुमारिका किती होत्या म्हणाल, तर थोड्या. बहुतेक तीन-चार मुलांच्या आया. आज सत्तरीत असलेल्या बायकांना हे सगळं ठाऊक आहे, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नाही. मंडळात विषय काढून बघा, भोंडल्यापेक्षा जास्त वेळ बोलतील.

आता ‘अडवतंय कोण’ याबद्दल. कायद्यात “बाईला नको आहे” हे कारणच नाही. कारण माझं मत. तिच्या जिवाला धोका आहे, शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होईल, बाळात मोठं व्यंग असण्याची शक्यता आहे, असं मला सद्भावनेने वाटलं पाहिजे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरला वाटावं लागतं, २० ते २४ मध्ये दोघांना, आणि तेही ठरावीक बायकांच्याच बाबतीत. २४ च्या पुढे मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. मी चांगली असेन तर सही होते. माझी सून माझ्याशी भांडली असेल, माझा देवधर्म आड येत असेल, किंवा मला पोलिसांची भीती वाटत असेल, तर होत नाही. बाईने काय करायचं? पुढचा दवाखाना. तोवर आठवडे वाढतात.

न्यायमंदिरची_पायरी | १० सप्टेंबर, दुपारी १:०५

डॉक्टरांच्या प्रतिसादाला कायद्याची जोड देते. लांबेल, पण अप्पांच्या मुद्द्याला एका ओळीत उत्तर नाही.

आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत कलम ३१२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ८८ आहे. बाईने स्वतः केला तरी गुन्हा. १९७१ चा कायदा त्या गुन्ह्यातून डॉक्टरला सूट देतो. शांतिलाल शाह समिती १९६४ साली नेमली, १९६६ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यावरून हा कायदा बेतला. मूळ कायद्यात कुटुंबनियोजनाचं साधन फसल्याची सवलत “विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा” यांनाच होती. ते शब्द बदलून “कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार” व्हायला २०२१ उजाडलं. पन्नास वर्षं.

दुरुस्ती झाली तरी नियमांत २० ते २४ आठवड्यांच्या यादीत अविवाहित मुलीचा स्पष्ट उल्लेख नव्हता. पंचवीस वर्षांच्या एका मुलीला दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर नकार दिला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांनी सांगितलं, की लग्न झालंय की नाही यावरून भेद करता येणार नाही. त्याच निकालात, या कायद्यापुरता, नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारात धरली. निकाल उत्तमच. पण पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर २०२३ ला, दोन मुलांच्या एका आईला त्याच न्यायालयाने नाही म्हटलं. आधीच्या बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, त्यामुळे दिवस गेलेले उशिरा कळले. २६ आठवडे झाले होते. म्हणजे हक्क आहे, पण तो कॅलेंडर बघून मिळतो.

आणि आपल्या गुजरातचं. ऑगस्ट २०२३ मध्ये बलात्कार झालेल्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीचा अर्ज आपल्या उच्च न्यायालयात आला. मेडिकल बोर्डाचा अहवाल तिच्या बाजूने होता. तरी पुढची तारीख पडली बारा दिवसांनंतरची, आणि मधेच अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने शनिवारी, १९ ऑगस्टला, खास बैठक घेतली, या दिरंगाईवर ताशेरे ओढले आणि सोमवारी परवानगी दिली. त्याच वर्षी जूनमध्ये एका अल्पवयीन मुलीच्या अर्जावर सुनावणी चालू असताना न्यायमूर्तींनी मनुस्मृती वाचायचा सल्ला दिला होता, तो पेपरात सगळ्यांनी वाचला असेल. अप्पा, अडवतंय कोण म्हणालात ना?

शेवउसळ_जादा_तर्री | १० सप्टेंबर, दुपारी १:२०

+१. ‘कॅलेंडर बघून मिळणारा हक्क’ हे कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापा.

बेळगावचा_कुंदा | १० सप्टेंबर, सायं. ६:४५

आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर. सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची. आईवडील इथेच राहायचे. दंतवैद्य होती, वय ३१. १७ आठवड्यांची असताना गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. ती आणि तिचा नवरा मोकळं करा म्हणून विनवत राहिले. ठोके चालू आहेत, हा कॅथलिक देश आहे, असं उत्तर मिळालं. रक्तात विष भिनून २८ ऑक्टोबर २०१२ ला गेली. त्या दिवाळीत आमच्याकडे दुसरं बोलणं नव्हतं. २०१८ च्या मतदानाआधी तिच्या वडिलांनी आयर्लंडच्या लोकांना ‘हो’ला मत द्या असं आवाहन केलं होतं. बाकी मला या विषयातलं फार कळत नाही.

डब्लिनची_बडोदेकरीण | ११ सप्टेंबर, पहाटे ३:१०

कुंदा, धन्यवाद. मी इथे आले तेव्हा सविताला जाऊन काही वर्षं झाली होती, पण भारतीय आहे म्हटल्यावर लोक तिचंच नाव काढायचे, जणू माझ्याच घरातलं कोणी गेलंय.

इथल्या घटनेत १९८३ साली आठवी दुरुस्ती घातली होती: आईचा जीव आणि न जन्मलेल्याचा जीव समान. परिणाम काय, तर ज्यांच्याकडे पैसे त्यांनी बोट किंवा विमान पकडून इंग्लंड गाठायचं. हजारो गेल्या. ही दुरुस्ती काढायची की ठेवायची यावर २५ मे २०१८ ला मतदान झालं. मी नागरिक नव्हते, मला मत नव्हतं. पण ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर संध्याकाळी दारं ठोठवायला जायचे. आपल्याकडे वर्गणी मागायला जातात तसं, बिल्ले लावून. कोणी दार आपटायचं, कोणी तासभर वाद घालायचं. एका घरात पांढऱ्या केसांच्या आजीने दार उघडलं, माझ्या मैत्रिणीचं सगळं ऐकून घेतलं, आणि आतल्या खोलीत टीव्ही बघणाऱ्या नवऱ्याकडे एकदा बघून हळूच म्हणाली, “मी लिव्हरपूलला गेले होते. यांना अजून माहीत नाही.” बिल्ला घेतला, लावला नाही, एप्रनच्या खिशात टाकला.

६६.४ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. अख्ख्या देशात डोनेगल हा एकच मतदारसंघ ‘नाही’ म्हणाला. दक्षिण रिचमंड स्ट्रीटवर सविताचं भलंमोठं भित्तिचित्र काढलं होतं, त्यावर लोक चिठ्ठ्या चिकटवत होते. बहुतेकींवर ‘माफ कर’. मी मराठीत लिहून लावली.

अप्पांनी आठवड्यांचा हिशेब मांडलाय, म्हणून एक फरक सांगते. १ जानेवारी २०१९ पासून इथे १२ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. आपल्या २४ च्या निम्माच. मध्ये तीन दिवस थांबावं लागतं, तेही जाचक आहे. पण त्या १२ आठवड्यांत “का?” असं कोणी विचारत नाही. कारण द्यावंच लागत नाही. आपल्याकडे पहिल्या आठवड्यापासून कारण लागतं. आठवडे कमी पण स्वतःचे, की जास्त पण सहीवर अवलंबून? मला विचाराल तर मी पहिले घेईन.

मांजलपूरचे_अप्पा | ११ सप्टेंबर, सकाळी ९:००

हा फरक माझ्या लक्षात नव्हता आला. मानलं. तरी माझा प्रश्न उरतोच. भारतात व्यवहारात कोण नडतं? डॉक्टर लिहून देतात हो, साधन फसलं म्हणून. सगळ्यांचंच साधन फसतं.

तात्पुरता_आयडी_७ | ११ सप्टेंबर, रात्री ११:५५

नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, कारण इथे माझी आत्याही आहे.

मी युनिव्हर्सिटीत एम.ए.ला होते, फत्तेगंजला पेइंग गेस्ट. पाळी चुकली, घरी आणलेल्या पट्टीवर दोन रेघा. सहा आठवडे. वय बावीस. इथे वाचून आता कळतंय, की कायद्याने फक्त माझी संमती पुरेशी होती. तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाईने भरल्या हॉलमध्ये गुजरातीत विचारलं, “लग्न झालंय? मिस्टरांना का नाही आणलं?” डॉक्टर म्हणाल्या, आईला घेऊन ये. दुसरीकडे म्हणाले, करू, पण चारपट पैसे, रोख, पावती नाही. मग मैत्रीण आणि मी मंगळबाजारात गेलो. काळ्या मण्यांचं खोटं मंगळसूत्र घेतलं, टिकल्यांचं पाकीट घेतलं. तिने रिक्षात बसून माझ्या भांगात कुंकू भरलं. तिसऱ्या दवाखान्यात फॉर्मवर ‘पतीचं नाव’ या रकान्यात मी शाळेतल्या इतिहासाच्या सरांचं नाव लिहिलं, दुसरं सुचेना. तिथली नर्स फार प्रेमाने वागली. “पहिलंच ना गं, का नको?” असं विचारत राहिली, आणि नवऱ्याला बाहेरगावी नोकरी आहे वगैरे मी रचत राहिले. काम नीट झालं, तब्येतीला काही झालं नाही. पश्चात्तापही नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण असल्या गोष्टीच्या शेवटी तो असावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

व्यवहारात कोण नडतं असं विचारलंत अप्पा. मला तरी कोणीच नडलं नाही. फक्त मंगळसूत्र घालावं लागलं.

दांडियाबाजारची_सून | १२ सप्टेंबर, सकाळी ८:२०

आयडी ७, लिहिलंस बरं केलंस. तुझी आत्या हे वाचत असेल तर तिनेही काही बोलू नये, ही माझी तिला विनंती.

निवृत्त_डॉक्टरीणबाई | १२ सप्टेंबर, सकाळी ८:४५

आयडी ७, कायद्याचं तुला इथे कळलंच. मुलगी अठराची झाली की संमतीच्या फॉर्मवर, म्हणजे फॉर्म सी वर, फक्त तिची सही. नवऱ्याची नाही, आईची नाही, सासूची तर नाहीच. तुझं नाव बाहेर फोडणं हासुद्धा २०२१ पासून गुन्हा आहे. हे प्रत्येक दवाखान्याला पाठ असायला हवं. नाही, हे आमच्या व्यवसायाचं पाप.

जुनी_मोर्चेवाली | १२ सप्टेंबर, दुपारी ४:३०

धाग्यातल्या तिसऱ्या आक्षेपाला अजून कोणी हात घातला नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. तेव्हा मी मुंबईत होते, आता माझ्या लेकीकडे बडोद्यात असते.

१९८५-८६ मध्ये आम्ही गर्भलिंग तपासणीच्या विरोधात मुंबईत फोरम उभा केला. तेव्हा गर्भजल तपासून मुलगा की मुलगी सांगायचे, आणि आता थोडे पैसे घाला, पुढचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती उघड छापून यायच्या. त्यातून १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा आला, मग १९९४ चा केंद्राचा. आम्ही बंदी मागितली ती तपासणीवर. गर्भपातावर नव्हे. या एका वाक्यावर रात्र-रात्र बैठका झाल्या आहेत. बाईने “मला मूल नको” म्हणणं आणि घराने “मुलगी नको” म्हणणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर बसूनच केली जाते, हे आम्ही तेव्हाही सांगत होतो.

पण नंतर सरकारी मोहिमा आल्या. गुजरातमध्ये २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८८३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९०. आकडा भयंकरच, मोहीम हवीच होती. तिची चित्रं आठवा मात्र: पोटातलं बाळ, त्यावर सुरी, गळफास, “आई, मला मारू नकोस”. त्यात तपासणी करणारा डॉक्टर नाही, सासरा नाही, हुंडा मागणारे व्याही नाहीत. खुनी कोण? आई. ते चित्र लावलेल्या भिंतीखाली बसून एखादी बाई नंबरची वाट बघते, तेव्हा तिला काय वाटत असेल? आणि धाडीच्या भीतीने कित्येक डॉक्टरांनी १२ आठवड्यांपुढचे गर्भपात करणंच सोडलं. लिंग कळतं त्याच सुमाराला, म्हणजे संशय नको. यात मुलगी किती वाचली हा वेगळा हिशेब. गरीब बाई मात्र थेट औषधाच्या दुकानात गेली.

अप्पा, तुम्ही गोळ्यांच्या पाकिटाचं म्हणालात ना, त्याचा आकडाही आहे. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले शंभरात ७३ दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. याला मुभा म्हणायचं की बायकांनी आपल्यापुरती काढलेली पळवाट, तुम्हीच ठरवा.

तेव्हा मंडळात हा आक्षेप आला की टाळू नका. समोर घ्या. सांगा, की आम्ही दोन्ही म्हणतो: लिंग तपासू नका, आणि बाईला अडवू नका. बडोद्याला याची परंपरा आहे. सहियर ही स्त्री संघटना १९८४ पासून इथे काम करते. सुरक्षित गर्भपातावर देशभर काम करणारं कॉमनहेल्थ हे जाळंही बडोद्याच्याच सहज संस्थेच्या आधाराने उभं आहे. गावातलं माणूस जगात बोलतं आणि गावच ऐकत नाही, असं नको.

मोडीवाचक | १२ सप्टेंबर, रात्री ९:१५

नवरात्राची सबब काढणाऱ्यांसाठी तारखेची माहिती. २८ सप्टेंबर १८७१ ला ब्राझीलमध्ये असा कायदा झाला, की गुलाम बाईच्या पोटी जन्मणारं मूल स्वतंत्र असेल. ती तारीख लॅटिन अमेरिकेतल्या बायकांनी १९९० साली या मोहिमेसाठी धरली. आपल्या पोटावर मालकी कोणाची, हाच प्रश्न.

आपल्याकडेही हे परदेशातून आलेलं खूळ नाही. १८८१ साली इथून जवळच, सुरतेला, विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर अनौरस बाळ मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. पेपरांनी समस्त स्त्रीजातीचा उद्धार केला. तो वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटल्या आणि १८८२ साली त्यांनी सरळ विचारलं, की तिला या गतीला नेणाऱ्या पुरुषाचं काय? जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढलं ते त्याच्याही आधी, १८६३ मध्ये.

पुढे र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो आपटला. आणि बडोद्याचं म्हणाल तर अखिल भारतीय महिला परिषदेचं १९२७ चं पहिलं अधिवेशन पुण्यात झालं, त्याच्या अध्यक्षा आपल्या महाराणी चिमणाबाई. त्या पडदा सोडून सभेत बसल्या. आपण नवरात्राचं कारण सांगून विषय पडद्याआड ढकलतोय.

शेवउसळ_जादा_तर्री | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

एक व्यावहारिक सूचना. अर्जेंटिनासारखे हिरवे रुमाल वाटणार असाल तर विचार करा. आपल्याकडे हिरवी साडी आणि हिरवा चुडा म्हणजे डोहाळजेवण. सभागृहाबाहेर बघणारे ओटीचं सामान घेऊन आत येतील. शिवाय २८ ला रविवार, नवरात्राचा रंग नारंगी.

दांडियाबाजारची_सून | १४ सप्टेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा बैठक झाली. धाग्याची छापील प्रत फिरवली (आयडी ७ चा प्रतिसाद तिला विचारून, आणि फत्तेगंज खोडून). आमच्या कोषाध्यक्षा, वय ७४, वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, “माझी नणंद जिन्यावरून पडली होती.” मग कोणी विरोध केला नाही. पूर्ण पाठिंबा मिळाला असंही नाही. नाव ‘स्त्रियांचं आरोग्य आणि कायदा’ असं ठेवायचं ठरलं, पत्रिकेवर गर्भपात हा शब्द नको म्हणाल्या. त्या दोघी तरुण मुली यावर चिडल्या आहेत आणि त्यांचं चिडणं मला पटतं. पण भांडण पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलंय. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता. डॉक्टरीणबाई आणि वकीलताई, तुम्ही दोघी याल का?

निवृत्त_डॉक्टरीणबाई | १५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

येते. अट एकच, माझं भाषण नको, पहिल्यापासून चिठ्ठ्याच घ्या. गोळ्यांबद्दल मी स्पष्ट बोलणार: ९ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गर्भ नळीत नाही ना याची खात्री करून. आणि दोन तास सलग, तासाला दोन पॅड भिजत असतील तर कोणाची परवानगी न मागता दवाखाना गाठायचा. सरसकट पिशवी खरवडून घेणं आता जुनं झालं. हाताच्या सिरिंजने करायची निर्वात पद्धत जास्त सुरक्षित, ती कुठे होते ते विचारायला शिका.

मांजलपूरचे_अप्पा | १५ सप्टेंबर, सकाळी ९:१०

पुरुषांना प्रवेश आहे का? वाद घालायला नाही. औषध दुकानदारांच्या ओळखीतल्या चार जणांना घेऊन येईन म्हणतो. देखरेखीचं त्यांनी ऐकलेलं बरं.

दांडियाबाजारची_सून | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

या ना अप्पा. मागच्या रांगेत. चहा आमच्याकडून.

अकोट्याची_आई | १५ सप्टेंबर, रात्री ११:२०

मला कार्यक्रमाला यायला जमणार नाही, म्हणून इथेच विचारते. माझ्यासाठी नाही, ओळखीत आहे. मुलगी सतरा वर्षांची असेल तर? पोलिसात जावंच लागतं का? त्या भीतीने ते लोक घरीच काहीतरी करायला निघालेत.

न्यायमंदिरची_पायरी | १५ सप्टेंबर, रात्री ११:३५

घरी काहीही करू देऊ नका, हे आधी. अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरांना पोलिसांत कळवावं लागतं हे खरं, पण २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख कळवायची गरज नाही. बऱ्याच डॉक्टरांना हे माहीत नसतं, त्यामुळे निकालाची प्रत बरोबर ठेवा. किती आठवडे झालेत ते इथे लिहू नका. मला आत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी जागी आहे.